कॉलम कोणत्या गटातला?

आपल्याकडच्या कोणत्याही आरसीसी इमारतीच्या ड्रॉइंगमध्ये कॉलमचे एक शेड्यूल असते. डाव्या रकान्यात सी-१, सी-२ अशी नावे, काही ओळींत तीन-चार नावे एकत्र लिहिलेली, आणि पुढे आकार, सळया, रिंगांचे अंतर, काँक्रीटची ग्रेड. हे एकत्र लिहिणे म्हणजेच गट पाडणे. आरसीसी कन्सल्टंटने प्रत्येक कॉलमवरचा भार स्वतंत्र काढलेला असतो आणि दोन कॉलमचा भार तंतोतंत सारखा सहसा येत नाही. तरी जवळपासचे कॉलम तो एका ओळीत बसवतो आणि ज्यावर सर्वांत जास्त भार आहे त्याच्या हिशेबाने त्या ओळीतल्या सगळ्यांना सळई देतो. थोडे लोखंड जास्त जाते. पण साइटवरच्या फिटरला चाळीस निरनिराळ्या कॉलमऐवजी सात-आठ प्रकार सांभाळावे लागतात आणि चुकीच्या जागी चुकीची सळई बांधली जाण्याचा धोका बराच कमी होतो.

कागदावर हा निर्णय एका ओळीत मावतो. मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच कॉलम एक वस्तू होऊन उभा राहतो आणि त्याला कुठल्या ना कुठल्या गटात घालावे लागते. लेयर, ब्लॉक, ग्रुप, कंपोनंट, असेंब्ली, फेज, मजला, झोन: प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या सोयी देते आणि त्यांतली कोणती कशासाठी आहे, याबद्दल कार्यालयांत मोठा गोंधळ असतो. माझ्या मते या गोंधळाचे मूळ एकच आहे. तीन वेगवेगळ्या गरजा आपण एकाच आज्ञेकडून भागवू पाहतो. पहिली गरज सारख्या वस्तूंची: एक बदलली की सगळ्या बदलाव्यात. दुसरी सोबतीच्या वस्तूंची: ट्रसच्या दांड्या आणि प्लेटी मिळून एक नग व्हावा. तिसरी एकत्र हाताळायच्या वस्तूंची: उद्या जे काँक्रीट भरायचे ते एका यादीत यावे. या तिन्ही गरजा एकाच कॉलमवर एकाच वेळी लागू होतात आणि त्यांच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत.

या सीमा किती जुळत नाहीत ते पाहण्यासाठी तळमजल्यावरून वर जाणारा एक कॉलम घेऊ. आर्किटेक्ट तो मजल्यामजल्याने तोडतो, कारण त्याचा प्लॅन मजल्याचा असतो. कन्सल्टंटच्या दृष्टीने फूटिंगपासून गच्चीपर्यंत ती एकच सलग रांग आहे, कारण भार वरून खाली एकाच वाटेने येतो. ठेकेदार कॉलम बीमच्या तळापर्यंत भरतो आणि तिथे थांबतो. बीम आणि स्लॅब नंतर एकत्र भरले जातात, त्यामुळे कॉलम-बीमचा सांधा स्लॅबच्या कास्टिंगमध्ये जातो. फिटरची सळई यांपैकी कुठेच थांबत नाही. भूकंपरोधक तपशिलांसाठीच्या आयएस १३९२० प्रमाणे कॉलमच्या सळयांचा लॅप मजल्याच्या मोकळ्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागातच घ्यायचा असतो, म्हणजे खालच्या मजल्याची सळई वरच्या मजल्याच्या मध्यावर जाऊन संपते. बिल करणारा आणखी तिसरीकडेच रेघ मारतो, कारण त्याला मोजमापाची पद्धत आयएस १२०० मध्ये पाहावी लागते. कॉलम एकच, पण प्रत्येकाने तो निराळ्या ठिकाणी कापला आणि प्रत्येकाचे कापणे आपल्या जागी बरोबर आहे.

सारखेपणाच्या गटाची कल्पना संगणकावरच्या चित्रकलेइतकीच जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत टीएक्स-२ या संगणकावर ‘स्केचपॅड’ सादर केले, त्यात मूळ आकृती आणि तिच्या प्रती ही व्यवस्था होती. मूळ आकृतीत बदल केला की सगळ्या प्रतींत तो उमटे. आजचे ऑटोकॅडचे ब्लॉक, स्केचअपचे कंपोनंट, रेव्हिटच्या फॅमिली याच वंशातल्या. पुढे चार्ल्स ईस्टमन यांनी १९७० च्या दशकात इमारतीचे ड्रॉइंग काढण्याऐवजी इमारतीच्या घटकांचीच माहिती संगणकात साठवावी, असा विचार मांडला आणि कार्नेगी मेलन विद्यापीठात तशी प्रणाली उभारली. आज आपण ज्याला बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) म्हणतो त्याची सुरुवात तिथे सापडते.

मधल्या काळात मात्र लेयरचे राज्य आले. ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आले आणि कॉलम एका लेयरवर, बीम दुसऱ्यावर, भिंती तिसऱ्यावर ही सवय सगळ्या जगाला लागली. अमेरिकेत आर्किटेक्टांच्या संघटनेने लेयरच्या नावांचे नियम केले, पुढे आयएसओ १३५६७ हे आंतरराष्ट्रीय मानकही आले. लेयरची अडचण अशी की एक वस्तू एका वेळी एकाच लेयरवर राहू शकते. त्यामुळे नावातच सगळे कोंबायची पद्धत पडली: कोणत्या शाखेचे, कोणता घटक, कोणता मजला, नवे की जुने. ऑटोकॅडमध्ये ग्रुपची आज्ञाही आहे आणि एक वस्तू अनेक ग्रुपमध्ये राहू शकते, पण ती फारसे कोणी वापरत नाही. लेयर छपाईच्या रेषांच्या जाडीशी बांधलेले असल्याने तेच सोयीचे ठरले. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखे नाही.

स्केचअपने गटाकडे वेगळ्या कारणाने पाहायला लावले. तिथे दोन आकार एकमेकांना टेकले की त्यांची पृष्ठे आणि कडा चिकटतात. सुटा काढलेला कॉलम स्लॅबला टेकवला आणि नंतर हलवायला गेलो की स्लॅबही ओढला जातो. म्हणून प्रत्येक घटक काढला की लगेच त्याचा ग्रुप किंवा कंपोनंट करायचा, हा तिथला पहिला नियम. एकटाच असेल तर ग्रुप, पुन्हा पुन्हा येणार असेल तर कंपोनंट. लेयर लावल्याने हे चिकटणे थांबत नाही आणि नवशिके तिथेच फसतात. २०२० च्या आवृत्तीत या लेयरना ‘टॅग’ हे नाव मिळाले. ते योग्यच झाले, कारण त्यांचे काम दाखवण्या-लपवण्यापुरतेच होते.

रेव्हिटमध्ये हा प्रश्न खरोखर तिखट होतो, म्हणून तिथे जरा थांबू. रेव्हिटमध्ये ‘ग्रुप’ आहे आणि ‘असेंब्ली’ही आहे. वरवर पाहता दोन्ही एकच वाटतात: काही घटक निवडा, एकत्र बांधा. पण त्यांचा स्वभाव उलटा आहे. समजा एका शेडमध्ये बारा सारखे ट्रस आहेत आणि एका टोकाच्या ट्रसला पाण्याच्या पाइपसाठी एक क्लीट जास्त लावायची आहे. ट्रस ग्रुपमध्ये असतील आणि आपण एकाच्या आत जाऊन क्लीट लावली, तर ती बाराही ट्रसना लागते. असेंब्लीमध्ये तसे केले, तर तो एकच ट्रस बाकीच्यांपासून आपोआप सुटा होतो आणि नव्या प्रकाराचा म्हणून नोंदला जातो. ग्रुप सारखेपणा लादतो, तर असेंब्ली सारखेपणा तपासते. आर्किटेक्टला पहिले हवे असते, फॅब्रिकेशनच्या कारखान्याला दुसरे. कारखान्यात अकरा ट्रस एका ड्रॉइंगवर आणि बारावा वेगळ्या ड्रॉइंगवर गेला पाहिजे, नाहीतर एक तर अकरा क्लीट वाया जातील किंवा एक ट्रस परत येईल.

आपल्याकडच्या निवासी इमारतींत ग्रुपचा सर्वांत मोठा उपयोग फ्लॅटसाठी होतो. टू बीएचकेचा एक फ्लॅट काढला, ग्रुप केला, आरशातल्यासारखा उलटा करून शेजारी ठेवला, मग वरच्या सगळ्या मजल्यांवर चढवला. भिंती, दारे, सॅनिटरी, ओटा यांच्यासाठी हे उत्तमच. पण कॉलमही त्याच ग्रुपमध्ये घातले की दोन गोष्टी बिघडतात. वरच्या मजल्यांवर कॉलमचा आकार कमी होतो, ३०० बाय ९०० चा ३०० बाय ७५० होतो, आणि ग्रुप तो बदल एका मजल्यापुरता सहज मानत नाही. मग कोणी तरी घाईत ग्रुप फोडतो आणि त्या मजल्याचा इतरांशी संबंध तुटतो. दुसरे बिघडणे जास्त गंभीर. दोन फ्लॅटच्या सामाईक भिंतीतला कॉलम दोन्ही ग्रुपमध्ये असतो आणि उलटी प्रत शेजारी ठेवली की एकाच जागी दोन कॉलम बसतात. प्लॅनवर एकच दिसतो. रेव्हिट सूचना देते की एकाच जागी सारख्या वस्तू आहेत आणि शेड्यूलमध्ये त्या दोनदा मोजल्या जातील. ती सूचना शंभर इतर सूचनांत हरवते आणि काँक्रीटचे प्रमाण फुगते. म्हणून माझा ठाम आग्रह आहे: कॉलम, शिअर वॉल आणि मुख्य बीम कधीही फ्लॅटच्या ग्रुपमध्ये घालू नयेत. ते इमारतीचे आहेत, फ्लॅटचे नाहीत. त्यांना ग्रिडच्या रेषांना बांधावे आणि फ्लॅटचा ग्रुप त्यांच्याभोवती बसवावा.

फिनलंडमध्ये जन्मलेल्या ‘टेक्ला’ची घडण मुळात कारखान्याच्या गरजेतून झाली. आधी पोलादी बांधकामासाठी ‘एक्सस्टील’ हे सॉफ्टवेअर होते, २००४ मध्ये ते ‘टेक्ला स्ट्रक्चर्स’ झाले आणि २०११ पासून ते ट्रिंबल कंपनीकडे आहे. तिथे पोलादाची असेंब्ली आणि काँक्रीटचे ‘कास्ट युनिट’ हे गट मॉडेलच्या गाभ्यातच आहेत. प्रत्येक असेंब्लीत एक मुख्य भाग असतो, बाकीचे त्याला जोडलेले. बीमला वेल्ड केलेल्या प्लेटी बीमच्या असेंब्लीत जातात, पण साइटवर बोल्टने जोडायची प्लेट कोणाच्या असेंब्लीत घालायची हे डिटेलरने ठरवावे लागते, कारण ती ज्या नगाबरोबर ट्रकमध्ये चढणार त्याच्याच गटात ती शोभते. मग नंबरिंगची आज्ञा दिली की सॉफ्टवेअर सगळे नग एकमेकांशी ताडून पाहते आणि हुबेहूब सारख्यांना एकच मार्क देते. एका भोकाचे अंतर दोन मिलिमीटरने वेगळे असले तरी मार्क वेगळा. पुणे, नागपूर, मुंबईतल्या किती तरी डिटेलिंग कार्यालयांत परदेशातल्या इमारतींचे हेच काम दिवसरात्र चालते आणि तिथल्या तरुण डिटेलरना ही शिस्त अंगवळणी पडलेली असते. आपल्या आर्किटेक्टांनी त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

टेक्लाने आणखी एक मोलाची गोष्ट केली. जागेवर भरायच्या काँक्रीटसाठी त्यात ‘पोअर’ हा स्वतंत्र स्तर आहे. कॉलम, बीम, स्लॅब हे घटक कन्सल्टंटने जसे मांडले तसेच राहतात आणि त्यांच्यावर वेगळ्या रेषेने कास्टिंगचे तुकडे पाडता येतात. आधीचा गट न मोडता दुसरा गट वर चढवता येणे, ही मला या साऱ्या क्षेत्रातली सर्वांत शहाणी रचना वाटते.

आता हिशेबाच्या सॉफ्टवेअरकडे. ‘ईटॅब्स’ आपल्या बहुतेक मोठ्या आरसीसी कार्यालयांत आहे. त्यात लिफ्टच्या काँक्रीट भिंती छोट्या छोट्या चौकोनांच्या जाळीने बनतात आणि त्या चौकोनांना ‘पिअर’चे लेबल द्यावे लागते. ज्या चौकोनांना एकच लेबल, त्यांच्यावरचे बल एकत्र जमवून त्या भिंतीचे डिझाइन होते. इथे गट पाडणे हा अभियांत्रिकीचा निर्णय आहे. लिफ्टच्या तीन बाजूंच्या भिंतींना एकच लेबल दिले तर त्या मिळून ‘सी’ आकाराचा एक छेद म्हणून तपासल्या जातात. तिघींना तीन लेबले दिली तर तीन सुट्या पट्ट्या म्हणून. दोन्हींत सळईचे उत्तर वेगळे येते. आणि एका मजल्यावरचा एखादा चौकोन चुकून शेजारच्या लेबलमध्ये गेला, तर सॉफ्टवेअर कुरकुर न करता चुकीचे बल जमवून देते. रंगीत चित्रात इमारत तशीच दिसते. म्हणून पिअरची लेबले मजल्यामजल्याने डोळ्यांखालून घालणे, हे तपासणाऱ्याचे पहिले काम असायला हवे.

गट किती पाडावेत यावर संशोधनही बरेच झाले आहे. कमीत कमी वजनाचा सांगाडा शोधणाऱ्या अभ्यासकांकडे चाचणीचे काही ठरलेले नमुने आहेत. त्यांतल्या २५ दांड्यांच्या मनोऱ्यात दांड्यांचे ८ गट धरतात आणि ७२ दांड्यांच्या मनोऱ्यात १६. सममितीमुळे हे गट सहज पडतात. खऱ्या इमारतीत सममिती क्वचितच इतकी भली असते. गट वाढवले की लोखंड वाचते, पण नगांचे प्रकार, ड्रॉइंग आणि चुका वाढतात. गट कमी केले की उलटे. कॉलमच्या शेड्यूलमध्ये कन्सल्टंट अनुभवाने जे करतो, तेच हे संशोधन गणिताने करते. फरक एवढाच की साइटवरची चूक किती रुपयांना पडते, ते गणितात घालणे अवघड असते.

वेगवेगळ्या सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलावे यासाठी आयएफसी हे खुले मानक आहे. २०१३ मध्ये ते आयएसओ १६७३९ म्हणून मान्य झाले. गटाच्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर मला फार विचारपूर्वक दिलेले वाटते. तिथे संबंधांचे प्रकारच वेगळे ठेवले आहेत. जागेचा संबंध एक: घटक कोणत्या मजल्यावर आहे, आणि हा मजला एकच असतो. अनेक मजल्यांतून जाणाऱ्या कॉलमला मुख्य मजला एक देऊन इतर मजल्यांशी नुसता संदर्भ जोडता येतो. अंगाचा संबंध दुसरा: ट्रस आणि त्याच्या दांड्या. इथेही एका दांडीचा मालक एकच. तिसरा निव्वळ गटाचा संबंध, आणि त्यात एक घटक कितीही गटांत राहू शकतो. हिशेबाचे अख्खे मॉडेल आणि भारांचे संच हेही याच गटाच्या वर्गात बसवले आहेत. दुर्दैव असे की फाइल निर्यात करताना कोणता संबंध जाईल हे सेटिंगवर अवलंबून असते आणि घेणारे सॉफ्टवेअर बहुधा मजल्यांचे झाडच आधी दाखवते. बाकीचे असूनही कोणी उघडून पाहत नाही.

झाड की जाळे, हा वाद आर्किटेक्चरमध्ये आधीही होऊन गेला आहे. ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकात गुजरातमधल्या एका खेड्याच्या १४१ गरजा लिहून काढल्या आणि गट, उपगट अशा फांद्यांच्या झाडात त्या मांडल्या. असे गट पाडण्यासाठी त्यांनी संगणकाचीही मदत घेतली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘शहर म्हणजे झाड नव्हे’ अशा आशयाचा निबंध लिहिला आणि जिवंत रचनेत गट एकमेकांवर चढलेले असतात, हे मांडले. मॉडेलमधल्या कॉलमला ते जसेच्या तसे लागू पडते. वर्गीकरणाच्या शास्त्रात हा विचार त्याही आधी आपल्याकडे झाला होता. मद्रासमध्ये शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण प्रसिद्ध केले. पुस्तकाला एका कप्प्यात कोंबण्याऐवजी त्याच्या अनेक पैलूंनी त्याची ओळख करून द्यावी, ही त्यांची दृष्टी. बांधकामात आज वापरली जाणारी ब्रिटनची युनिक्लास पद्धत याच पैलूंच्या मार्गाने जाते. एकाच पोलादी बीमला घटक म्हणून एक कोड, प्रणालीचा भाग म्हणून दुसरा, बाजारातली वस्तू म्हणून तिसरा.

कामाचा वेळ आणि खर्च मॉडेलला जोडला की ही बहुपैलू ओळख अटळ होते. महामेट्रोने नागपूर मेट्रोच्या कामात ५डी बिम वापरले. ५डी म्हणजे आकाराबरोबर वेळापत्रक आणि पैसा. पुलाचे पिअर, पिअर कॅप, सेगमेंट हे नग वेळापत्रकातल्या कामाशी आणि दरपत्रकातल्या बाबीशी एकाच वेळी जोडायचे असतील, तर नगाची स्वतःची ओळख पक्की हवी. आयएफसीमध्ये प्रत्येक घटकाला स्वतंत्र क्रमांक असतो. कॉलम पुसून त्याच जागी नवा काढला, तर दिसायला तोच असूनही क्रमांक बदलतो आणि वेळापत्रकाचा धागा तुटतो. म्हणून घटक बदला, पण पुसून नवा काढू नका, हे कार्यालयात प्रत्येक ड्राफ्ट्समनला शिकवायला हवे.

या सगळ्यातून मी ज्या निष्कर्षाला आलो तो असा. बांधून ठेवणारा गट कमीत कमी वापरावा: जिथे खरोखर एक नग उचलला जातो, ट्रकमध्ये चढतो आणि बसवला जातो, तिथेच. एरवी प्रत्येक घटकाला रकाने द्यावेत. शेड्यूलमधला प्रकार, मजला, कास्टिंगचा क्रमांक, काँक्रीटची ग्रेड, बिलाची बाब. मग हवा तो गट रकान्यांवरून गाळून काढता येतो आणि एकाचा गट दुसऱ्याच्या आड येत नाही. याला मेहनत लागते, कारण रकाने भरावे लागतात आणि रिकामा रकाना कोणाच्याच यादीत येत नाही. म्हणून दर आठवड्याला रिकाम्या रकान्यांचे शेड्यूल काढून पाहावे.

सळईचा प्रश्न मात्र यानेही पूर्ण सुटत नाही. एका कास्टिंगमध्ये बांधलेली सळई दुसऱ्या कास्टिंगमध्ये शिरते, तेव्हा तिला दोन रकाने लागतात: बांधणीचा आणि भरण्याचा. बहुतेक ठिकाणी एकच ठेवला जातो आणि बार बेंडिंग शेड्यूल मजल्याच्या हिशेबाशी कधीच जुळत नाही.

आणखी एक अडचण सॉफ्टवेअरच्या बाहेरची आहे. आपल्याकडे बहुतेक कामांत ड्रॉइंग आधी तयार होते आणि ठेकेदार नंतर, निविदेतून ठरतो. स्लॅब किती भागांत भरायचा, टॉवर क्रेन कुठे, सेंटरिंगचे किती संच, हे त्याच्या हातात असते आणि मॉडेल करताना तो समोरच नसतो. त्यामुळे कास्टिंगचे गट कन्सल्टंटने स्वतःच्या कल्पनेने पाडणे व्यर्थ आहे. त्याने कास्टिंगचा रकाना आधीपासून ठेवावा, तो रिकामा सोडावा आणि निविदेच्या कागदपत्रांतच लिहावे की काम मिळालेल्या ठेकेदाराने पहिल्या फूटिंगच्या आधी तो भरून द्यायचा आहे.